मू दीर्घ

स्वारगेटच्या सिग्नलला, विजेच्या खांबावर
चिकटवलेला पिवळा कागद :
मुळव्याध, भगंदर, फिशर. बिना ऑपरेशन. खात्रीशीर.
मी स्कूटीवर बसल्या बसल्या, मनातल्या मनात,
दरवेळी दुरुस्त करायचे : मू दीर्घ.
सिग्नल सुटला की पुढे.

सव्वीस वर्षं शनिवार पेठेतल्या छापखान्यात
लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ निस्तरतेय.
बसून. लाकडी खुर्चीत, आठ-आठ तास.
पाणी बेताचं, कारण संडास जिन्याखाली
आणि कडी नीट लागत नाही.

चैत्रात पहिल्यांदा लाल दिसलं.
लाल रंगाची मला सवय, माझ्या शाईचाच तो.
एक थेंब, समासात पडावा तसा.
मी पाणी ओतलं. पुढचं पान.

घरी म्हटलं, उष्णता झालीय.
सब्जा भिजवला, गुलकंद आणला,
रात्री कोमट दुधात तूप.
नवरा म्हणाला, एवढा वेळ काय करतेस आत?
काय सांगणार!
काच कधी गिळली नव्हती,
पण रोज सकाळी काच बाहेर येत होती.

शब्दच नव्हता माझ्याकडे. माझ्याकडे!
शिव्यांमध्ये त्या जागेला डझनभर नावं,
गाडीला गाडी घासली की कुणीही ऐकवतं.
कोशातलं नाव सोवळ्यातलं, शिवता न येणारं.
या दोहोंच्या मधलं,
आईजवळ बसून सांगता येईल असं
कुणी छापलंच नव्हतं.
मी "तिकडे" म्हणायचे. "खाली."
तेही स्वतःशीच.

गौरींच्या जेवणाला पाटावर टेकता येईना
म्हणून वाढायलाच उभी राहिले, शेवटच्या पंगतीपर्यंत.
जाऊबाई म्हणाल्या, काय उत्साह आहे हिचा!
मोरीत जाऊन रडले.

नळ स्टॉपजवळ, बेकरीच्या वर, दुसरा मजला.
डॉक्टर बोंद्रे, वय माझ्या भाचीएवढं.
फॉर्ममध्ये "तक्रार" या शब्दापुढे
मी नुसती रेघ ओढलेली. गाळलेली जागा.
तिने विचारलं, शौचाला दुखतं? रक्त? किती महिने?
मेथीचा भाव विचारावा तसं.
कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या.
समोरच्या कॅलेंडरवर "दिपावली" ऱ्हस्व होती.
तेवढं दिसेपर्यंत झालंसुद्धा.

"मूळव्याध नाही. चीर पडलीय, फिशर.
पहिल्याच आठवड्यात आला असतात तर
पाणी, पालेभाज्या आणि इसबगोलावर भागलं असतं बहुतेक.
आता मलम, टबात कोमट पाणी, दीड-दोन महिने धीर.
आणि तुमचं वय बावन्न, रक्त गेलंय,
तर दुर्बिणीने एकदा आतून बघून घेऊ.
घाबरायचं म्हणून नाही,
न बघता ठरवायचं नाही म्हणून."
कागदावर लिहिलं : मुळव्याध नाही.
मु ऱ्हस्व.
पर्समध्ये लाल पेन होतं माझ्या.
राहू दिलं.

दुर्बिणीत वाईट काही निघालं नाही.
टेबलावर आता तांब्या असतो.
जिन्याखालच्या दाराला नवी कडी,
तुळशीबागेतून आणली, मालकांना न विचारता.

खाली फर्शीवर हमीदा फर्मे मुडपते.
पंधरा दिवस बघतेय,
ती एकाच मांडीवर कलते,
डबा उभ्यानेच खाते.
काय गं? तर म्हणे,
काही नाही बाई, गर्मी.

मशीन चालू होतं, त्याचा धडधडाट.
मी तिच्याशेजारी खाली बसले
आणि पाच महिने जो कोशात शोधत होते
तो पोरासोरांच्या तोंडचा शब्द
सरळ तोंडात आला :
शीच्या जागी दुखतं का गं? रक्त जातं?

तिने हातातली घडी उलगडली,
पुन्हा घातली. कड नखाने दाबत राहिली.
मग मान हलवली.

कधीपासून, मी विचारलं,
आणि एका रद्दी फर्म्याच्या पाठीवर
पत्ता लिहायला पेन काढलं.